भिंतीपलीकडचे ज्ञान : खुले नवप्रवर्तन आणि उल्हासनगर परिसरातील लघुउद्योग

प्रस्तावना

उल्हासनगरच्या मालाविषयीचा 'मेड इन यूएसए' हा विनोद मुंबई परिसरात बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा त्याचा उलगडा केला जातो आणि त्यातील रोख अर्थातच नकलेवर असतो. विनोद जुना आहे, आणि तो करणाऱ्यांना त्यामागील इतिहासाची आठवण क्वचितच असते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. जमीनजुमला मागे राहिलेला, भांडवल नाही, यंत्रसामग्री नाही, अशा स्थितीत ज्यांनी उद्योग उभारले त्यांना संशोधन विभाग स्थापन करणे शक्यच नव्हते. बाजारातील वस्तू आणावी, ती उसवून किंवा खोलून पाहावी, तिच्यासारखी दुसरी स्वस्तात करावी, हा शिकण्याचा एकच मार्ग त्यांना मोकळा होता.

गेल्या दोन दशकांत व्यवस्थापनशास्त्राने ज्या विचाराला मोठे महत्त्व दिले, त्याच्या मुळाशीही हीच वस्तुस्थिती आहे. उद्योगाला लागणारे बरेचसे ज्ञान त्याच्या भिंतीबाहेर असते. ग्राहक, पुरवठादार, विद्यापीठे, स्पर्धक आणि कारागीर यांच्याकडे ते विखुरलेले असते व ते आत आणल्यावाचून उद्योगाची प्रगती होत नाही. नकलेत हे ज्ञान मूळ धारकाला न विचारता घेतले जाते आणि त्याच्या पदरात काहीच पडत नाही. हीच देवघेव उघडपणे, संमतीने आणि मोबदल्याच्या अटी ठरवून करण्याच्या पद्धतीस 'खुले नवप्रवर्तन' म्हणता येईल. या विषयावरील लेखनात ज्ञान घेणाऱ्या कंपनीचा लाभ सविस्तर सांगितला जातो. ज्ञान देणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. प्रस्तुत लेखात संकल्पनेचा परिचय करून देताना या दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांचा या विषयाशी थेट संबंध येतो, तो याच प्रश्नामुळे.

संकल्पनेचे स्वरूप

नवप्रवर्तन ही संज्ञा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना शुम्पीटर यांच्या विकास सिद्धांतामुळे परिचित आहे. विसाव्या शतकात मोठ्या कंपन्यांनी ही प्रक्रिया स्वतःच्या प्रयोगशाळांत बंदिस्त केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा हे त्याचे ठळक उदाहरण. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध तेथेच लागला. उत्तम शास्त्रज्ञ नेमावेत, शोध आतच लावावेत, पेटंटे घ्यावीत आणि वस्तू स्वतःच बाजारात आणावी, अशी ही रीत होती. हेन्री चेसब्रो यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओपन इनोव्हेशन' या ग्रंथात ही रीत अपुरी पडू लागल्याचे दाखवले. शिक्षित मनुष्यबळ एका कंपनीतून दुसरीकडे सहज जाऊ लागले, नव्या उद्योगांना साहस भांडवल मिळू लागले आणि विद्यापीठांतील संशोधनाचा दर्जा वाढला. त्यामुळे ज्ञान एका छताखाली राहीनासे झाले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात संगणकाच्या चित्रमय पडद्यावर मूलभूत काम झाले, परंतु त्याचा व्यापारी लाभ मुख्यतः इतरांनी घेतला. चेसब्रो यांच्या विवेचनात हे उदाहरण वारंवार येते.

एरिक फॉन हिपेल यांची मांडणी याहून जुनी असून काही बाबतींत अधिक मूलगामी आहे. १९८८ आणि २००५ सालच्या त्यांच्या ग्रंथांचा आशय असा की, अनेक क्षेत्रांत नव्या वस्तूची पहिली कल्पना उत्पादकाला सुचतच नाही. ती वापरणाऱ्याला सुचते, कारण अडचण त्याला सोसावी लागते. शल्यचिकित्सक, वैज्ञानिक उपकरणे वापरणारे संशोधक आणि खेळाडू आपापल्या साधनांत स्वतःच फेरफार करतात व उत्पादक ते मागाहून उचलतो. चेसब्रो यांचे लक्ष कंपनीवर आहे, तर फॉन हिपेल यांचे वापरकर्त्यावर. दोन्ही प्रवाहांना पुढे एकच नाव मिळाले, तरी त्यांच्यातील हा भेद विसरला जाऊ नये.

प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचे एक उदाहरण अध्यापक वाचकांना विशेष रुचेल. बटाट्याच्या कुरकुरीत चकत्यांवर चित्रे व मजकूर छापण्याची कल्पना २००२ साली या कंपनीत पुढे आली. खाण्यायोग्य शाईने छपाई करण्याचे तंत्र स्वतः विकसित करण्याऐवजी तिने आपली गरज नेमक्या शब्दांत लिहून युरोपातील आपल्या संपर्कजाळ्यात पाठवली. उत्तर मिळाले ते इटलीतील बोलोन्या येथील एका लहानशा बेकरीतून. ही बेकरी एक विद्यापीठीय प्राध्यापक चालवत होते आणि केकवर चित्रे छापण्याची पद्धत त्यांनी आधीच शोधून काढलेली होती. २००४ मध्ये चित्रांकित चकत्या बाजारात आल्या. या हकिकतीत कंपनीने केलेले महत्त्वाचे काम म्हणजे प्रश्नाचे अचूक लेखन. 'आम्हांला काही नवीन हवे आहे' असे मोघम पत्र पाठवले असते, तर बोलोन्याच्या बेकरीपर्यंत ते पोहोचूनही उपयोग झाला नसता.

दुसरे उदाहरण लेगो या डॅनिश खेळणी उत्पादकाचे आहे. १९९८ साली या कंपनीने प्रोग्रॅम करता येणारा 'माइंडस्टॉर्म्स' हा संच विक्रीस आणला. थोड्याच काळात हौशी वापरकर्त्यांनी त्याची आतील रचना उलगडून ती प्रसिद्ध केली. कंपनीने खटले भरण्याचे टाळले व फेरफार करण्यास परवानगी दिली. पुढील आवृत्तीच्या वेळी तर निवडक वापरकर्त्यांनाच रचनेच्या कामात सहभागी करून घेतले. ते डेन्मार्कला गेले ते स्वखर्चाने, आणि मोबदला म्हणून त्यांना मिळाले लेगोचे संच. हौसेपोटी काम करणाऱ्यांना यात अन्याय वाटला नाही. ज्याचे पोटच त्या ज्ञानावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत हाच हिशेब लागू करता येईल का, हा प्रश्न या उदाहरणातून सुटत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

ही संज्ञा नवी असली तरी व्यवहार महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. सुमारे दोन वर्षे नांगर पडून राहिले. यंत्र उत्तम असणे आणि ते वापरणाऱ्याने स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध धडा असावा. मराठी साहित्याच्या अध्यापकांना ठाऊक असलेले 'किर्लोस्कर' मासिक १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने सुरू झाले, ते मुळात कारखान्याचे मुखपत्र म्हणून. कारखाना आणि त्याचा माल विकणारे व वापरणारे यांच्यात संवाद ठेवणे हा त्याचा आरंभीचा हेतू होता. पुढे त्याने मराठी वाङ्मयात जे स्थान मिळवले, त्यामुळे हा मूळ हेतू विस्मरणात गेला.

विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्याचे ठळक उदाहरण मध्य रेल्वेच्या याच मार्गावर, माटुंग्याला आहे. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजेच यूडीसीटी, १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. वस्त्र रसायनशास्त्राला तेथे आरंभापासून स्थान होते, यामागे मुंबईच्या कापडगिरण्यांची गरज होती हे उघड आहे. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातील जागतिक कीर्तीचे अभ्यासक प्रा. के. वेंकटरामन हे या विभागाचे पहिले भारतीय संचालक. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्रा. मनमोहन शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यातील प्रश्न प्रयोगशाळेत आणायचे व प्रयोगशाळेतील उत्तरे कारखान्यात न्यायची, असा परिपाठ घालून दिला. १९९० साली प्रा. शर्मा रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. उद्योगासाठी सल्लागार म्हणून काम केल्याने मूलभूत संशोधन उणावते, या आजही ऐकू येणाऱ्या आक्षेपाला त्यांची कारकीर्द हे पुरेसे उत्तर आहे. विभागाच्या माजी विद्यार्थ्यांपैकी डॉ. के. एच. घरडा यांनी १९६० च्या दशकात स्थापन केलेल्या रसायन उद्योगाचा कारखाना डोंबिवलीत उभा राहिला. २००८ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कार्यकाळात पॉलिकार्बोनेटविषयक पेटंटांचे परवाने जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीस दिले. ज्ञानाचा ओघ पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहतो या समजुतीला छेद देणारी ही घटना होती. तिच्यामागे पेटंटे होती, करार होता आणि कराराचे वाचन करू शकणारी माणसे होती.

श्रेयाचा प्रश्न

या तिन्ही गोष्टी नसतील तर काय होते, हे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड या गावाने पाहिले आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे हे तेथील अल्पभूधारक शेतकरी. त्यांचे शालेय शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते. १९८३ साली 'पटेल ३' या भाताच्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी वेगळे राखून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचे, अधिक उत्पन्न देणारे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. हे वाण एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेले आणि दूरवर पसरले. १९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून बी नेले व १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले. मूळ बियाण्याचे शुद्धीकरण केल्याची विद्यापीठाची भूमिका होती; आपले श्रेय नाकारले गेले, ही खोब्रागडे यांची तक्रार होती. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या आर्थिक विपन्नावस्थेची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली.

फॉन हिपेल यांच्या परिभाषेत खोब्रागडे हे नवप्रवर्तक वापरकर्ते ठरतात. त्यांचे ज्ञान खुले होते. ते इतके खुले होते की त्याचा धनी कोण हे कोठेच नोंदलेले नव्हते. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाच्या नोंदणीची तरतूद त्यात करण्यात आली. विद्यापीठाचे वाण प्रसारित होऊन तोवर तीन वर्षे उलटली होती. शिवाय हा कायदा वाणांपुरता आहे. कारागीर, यंत्रचालक किंवा जॉबवर्क करणारा लघुउद्योजक यांनी कामाच्या ओघात काढलेल्या युक्तीला असे खास संरक्षण नाही. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नसल्याने अशा ज्ञानाचे रक्षण प्रामुख्याने कराराच्या शब्दांवर अवलंबून राहते, आणि उल्हासनगरच्या गल्लीतील व्यवहार तर सहसा तोंडी असतो.

जीन्सची धुलाई आणि वालधुनी

उल्हासनगरचा जीन्स व्यवसाय हा या चर्चेचा स्थानिक कसोटीदगड आहे. येथील पॅन्ट एका कारखान्यात तयार होत नाही. कटिंग एकाकडे, शिलाई दुसऱ्याकडे, भरतकाम तिसऱ्याकडे, धुलाई चौथ्याकडे, बटणे-रिव्हेट व धागाकटिंग आणखी कोणाकडे, अशी ती जॉबवर्कने फिरते. घाऊक व्यापारी एक नमुना आणतो, 'असा वॉश हवा' म्हणतो, आणि धुलाईघटकातील मास्टर दोन-चार प्रयत्नांत तो वॉश बसवून देतो. ग्राहकाची गरज आणि कारागिराचे कौशल्य यांची एवढी जवळीक मोठ्या कंपन्यांना मुद्दाम घडवून आणावी लागते. येथे ती व्यवसायाच्या रचनेतच आहे.

या साखळीत धुलाई सर्वांत मोलाची आणि सर्वांत घातक आहे. डेनिममध्ये निळीचा रंग ताण्याच्या धाग्याच्या बाह्य थरावरच बसलेला असतो. तो ठिकठिकाणी घासून काढला की कापडाला जुनेपणाची झाक येते. प्रथम खळ काढावी लागते, मग पूर्वी प्यूमिस दगडांनी आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सेल्युलेज या विकराने रंग उतरवला जाऊ लागला. त्यानंतर हायपोक्लोराइट किंवा पोटॅशियम परमँगनेटने विरंजन, उदासिनीकरण व शेवटी मऊपणा आणणारी रसायने, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्याचे पाणी बदलते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात खळ, नीळ, क्षार व दगडाचा गाळ असतो.

अंबरनाथच्या डोंगरांतून निघून प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. या नदीचा रंग हा परिसरातील रहिवाशांच्या रोजच्या पाहण्यातील विषय होता, आणि त्यात केवळ जीन्सचाच वाटा नव्हता. दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली व प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ च्या सुमारास उल्हासनगरातील धुलाईघटकांवर बंदीची कारवाई झाली. काही घटक बंद पडले, काही शेजारच्या ग्रामीण भागांत हलले. घटकाबरोबर त्याचे सांडपाणीही हलले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील रसायन उद्योगांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत; त्यांच्या कार्यक्षमतेविषयी वाद होत राहिले तरी एकत्रित उत्तराची चौकट तेथे अस्तित्वात आहे. उल्हासनगरचे धुलाईघटक मात्र वस्तीत विखुरलेले, एकेकाचा पाणीवापर व उत्पन्न लहान, आणि प्रक्रिया यंत्रणेचा खर्च कोणा एकाच्या आवाक्याबाहेरचा. ओझोन किंवा लेझर वापरून रंग उतरवण्याच्या पद्धतींत पाणी फार कमी लागते, परंतु त्यांचे भांडवल मोठ्या निर्यातदारालाच परवडते. येथील प्रश्न एका कंपनीच्या प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नाही, आणि प्रयोगशाळा असलेली कंपनीही येथे नाही.

महाविद्यालयांचे स्थान

कोहेन आणि लेव्हिंथल यांनी १९९० साली 'ग्रहणक्षमता' ही कल्पना मांडली. बाहेरचे ज्ञान ओळखण्यासाठी व पचवण्यासाठी आत काही पूर्वज्ञान असावे लागते, असे तिचे सार आहे. लघुउद्योगात हे पूर्वज्ञान अनुभवाच्या रूपात असते. त्याची मोजमापे नसतात. मास्टरला विकराची मात्रा हाताने कळते, पण मूठभर कमी टाकली तर सांडपाण्यातील रासायनिक ऑक्सिजन मागणी किती उतरते, हे कळत नाही. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला नेमके हेच मोजता येते, कारण हे परीक्षण पदवीच्या प्रात्यक्षिकांत शिकवले जाते.

प्रश्नही अवघड उपकरणे मागणारे नाहीत. आम्ल सेल्युलेज स्वस्त व जलद असते, परंतु उतरलेली नीळ त्यात पुन्हा कापडावर बसते आणि ती काढण्यासाठी जादा धुणे करावे लागते. उदासीन सेल्युलेज महाग पडते, पण हा दोष कमी असतो. जादा धुण्याचे पाणी, वीज व रसायने धरल्यास प्रति पॅन्ट प्रत्यक्षात कोणते स्वस्त? शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या लॉटच्या खळ काढण्यासाठी किती वेळा वापरता येईल? पहिल्या प्रश्नात रसायनशास्त्राइतकाच वाणिज्य विभागाचा परिव्ययलेखांकनाचा भाग आहे. बोलोन्याच्या बेकरीला पोहोचले तसे नेमके पत्र लिहायचे, तर ते अशा प्रश्नांचे लिहावे लागेल, आणि ते लिहिण्यासाठी अध्यापकाला धुलाईघटकात काही दिवस उभे राहावे लागेल.

निष्कर्षांच्या मालकीचा विचार मात्र आधी व्हावा. भारतीय पेटंट कायद्यानुसार अर्ज करण्यापूर्वी शोध प्रसिद्ध झाला तर सामान्यतः त्याचे नावीन्य संपते. पदोन्नतीसाठी शोधनिबंध घाईने छापणाऱ्या अध्यापकाच्या हातून उद्योगाचे आणि स्वतःचेही नुकसान होते, ते येथे. तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल केल्यास पूर्ण विनिर्देशासाठी बारा महिन्यांचा अवधी मिळतो. अर्ज दाखल झाल्यावर निबंध प्रसिद्ध करण्यास या बाजूने अडसर राहत नाही. २०२१ च्या नियमदुरुस्तीने शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली, त्यामुळे खर्चाची सबब पूर्वीइतकी सबळ राहिलेली नाही. पेटंटास पात्र नसलेल्या पद्धतीसाठी महाविद्यालय, व्यावसायिकांची संघटना आणि संबंधित घटक यांच्यात साधा लेखी करार पुरतो. कोणती माहिती सर्वांना खुली, कोणती त्या घटकापुरती, आणि निबंधात काय छापायचे, एवढे त्यात स्पष्ट असले म्हणजे झाले.

अशा करारांच्या नमुन्यांत पक्ष म्हणून संस्था आणि कंपनी यांचीच नावे असतात. धुलाईघटकातील मास्टर कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो बहुधा दुसऱ्याच्या घटकात रोजंदारीवर किंवा लॉटवर काम करतो, आणि त्याचे मिश्रण वहीत उतरवून घेतल्यावर त्याची गरज पूर्वीइतकी उरत नाही, हे त्यालाही कळते. म्हणूनच तो प्रमाण विचारणाऱ्याला सहसा पूर्ण सांगत नाही. प्रयोगाच्या नोंदवहीत पहिल्या दिवशी, नमुना क्रमांकाशेजारी, मूळ प्रमाण कोणी सांगितले त्याचे नाव व तारीख लिहिणे आणि करारात त्याच्या हिश्श्याचे एक कलम घालणे, याला काही खर्च येत नाही. १९९४ मध्ये नांदेडहून बी नेताना अशी एखादी ओळ लिहिली गेली असती, तर पुढचा वाद त्या ओळीपाशीच मिटला असता.